मागच्या काचेवरची चांदी

२७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अविषेक गोएंका यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला आणि देशभरातल्या गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्म बेकायदा ठरल्या. मोटार वाहन नियमांत पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा, अशी अट आधीपासून होतीच. न्यायालयाने सांगितलं की ही टक्केवारी मूळ काचेची आहे. वरून कुठलीही फिल्म, कितीही फिकट असली तरी, चिकटवायची नाही. ४ मेपासून अंमल. त्या उन्हाळ्यात दिल्ली, जयपूर, मुंबई, पुणे, सगळीकडे चौकाचौकांत पोलीस काचांवरच्या फिल्म ओढून काढताना दिसत होते. दंड चुकवायचा म्हणून कित्येकांनी घरीच दाढीचं पातं घेतलं आणि काच खरवडायला बसले.

निकाल योग्य की अयोग्य, हा आपला विषय नाही. आपला विषय त्या पात्याखाली काय आलं, हा आहे. फिल्म काचेच्या आतल्या बाजूला लावतात. मागच्या काचेवरच्या त्या बारीक आडव्या रेषा, म्हणजे डिफॉगर, त्याही आतल्या बाजूलाच असतात. पातं फिल्मखाली सरकलं, की त्याला फिल्म कुठली आणि रेषा कुठली हे कळत नाही. रेषेवर नखाएवढी फट पडली तरी ती संपली. आणि तेव्हा मे महिना होता. मे महिन्यात मागच्या काचेचा डिफॉगर कोण लावून बघतो?

बघतात ते डिसेंबरात, आणि तेही पहाटे. जयपूरचंच घ्या: तिथे थंडी आहे, पण ती काश्मीरसारखी नाही. जानेवारीत रात्रीचा पारा साधारण आठ-नऊ अंशांपर्यंत येतो, लाट आली तर आणखी खाली. काचेवर खरोखरचा बर्फाचा थर बघायचा तर उत्तरेला शेखावाटीत, सीकर जिल्ह्यातल्या फतेहपूरला जावं लागतं. तिथे पारा शून्याखाली जातो आणि वर्तमानपत्रांत टपावर गोठलेल्या दवाचे फोटो येतात. जयपुरात काचेवर बसतो तो आपल्याच श्वासाचा दमटपणा. पहाटे गोविंददेवजींच्या मंगला झांकीला निघालेली गाडी डोळ्यांसमोर आणा: आजी, आजोबा, दोन सुना, मांडीवर एक पोर, सगळ्या काचा गच्च बंद, वर कुणीतरी थर्मासातून चहा ओततंय. बाहेरच्या गारठ्याने काच थंड झालेली असते. आतली कोंदट, ओली हवा तिला लागली की दोन-तीन किलोमीटरच्या आत मागचं काही दिसेनासं होतं. पुढच्या काचेवर ब्लोअर असतो, बाजूच्या काचा खाली करता येतात. मागच्या काचेपर्यंत मात्र ना हात पोहोचतो ना हवा. तिला एकच आधार, त्या रेषा.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. जयपूरकराला डिफॉगर थंडीत आठवतो, आपल्याला तो जुलैत आंबोली किंवा आंबेनळी चढताना आठवतो. एक गोष्ट मात्र इथे स्पष्ट केलेली बरी. घाटातलं धुकं बाहेर असतं. डिफॉगर त्याचं काहीही करू शकत नाही. तो फक्त काचेच्या अंगावर बसलेला ओलावा उडवतो. अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

आता या रेषा आहेत काय? तारा नव्हेत. चांदीची पूड आणि काचेची बारीक भुकटी एकत्र कालवून केलेली पेस्ट जाळीच्या पडद्यातून काचेवर छापतात, आणि काच वाकवण्यासाठी, टणक करण्यासाठी सहाशे अंशांच्या वर तापवतात तेव्हाच ती छपाई काचेत भाजून पक्की होते. जयपूरपासून हाकेच्या अंतरावर सांगानेर आहे; ठशांच्या छपाईचं गाव म्हणून त्याचं नाव, पण आज तिथल्या लांबच लांब टेबलांवर बरंचसं कापड जाळीच्या पडद्यानेच छापलं जातं. काचेचं छापकामही तत्त्वतः तेच, शाई तेवढी चांदीची. कडेला दोन्ही बाजूंना उभी जाड पट्टी, आणि त्या दोन पट्ट्यांना शिडीच्या पायऱ्यांसारख्या जोडणाऱ्या दहा-बारा आडव्या रेषा. एका पट्टीला बॅटरीच्या प्लसची वायर, दुसरीला अर्थ.

हिशेब सोपा आहे आणि तो समजला की निम्मं निदान हातात येतं. समजा, बारा रेषा आहेत आणि प्रत्येकीचा रोध बारा ओहम आहे. बारा व्होल्टवर प्रत्येकीतून एक अँपिअर वाहील, प्रत्येक रेषा बारा वॉटने तापेल. सगळ्या मिळून बारा अँपिअर, १४४ वॉट. म्हणजे दोन्ही हेडलाइटना लागते त्याहून थोडी जास्तच वीज. म्हणून याला स्वतंत्र फ्यूज असतो, रिले असतो, आणि बऱ्याच गाड्यांत दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप बंद करणारा टायमरही. जुन्या, टायमर नसलेल्या गाडीत बटण चालू राहिलं आणि इंजिन बंद असलं, तर सकाळी धक्का मारायची वेळ येते. रेषा एकमेकींना समांतर जोडलेल्या असतात, त्यामुळे एक तुटली तर बाकीच्यांचं काही बिघडत नाही. म्हणजेच, एखाद-दुसरी रेषा गार असेल तर दोष काचेवर आहे. सगळीच काच गार असेल तर दोष बहुधा काचेपर्यंत येणाऱ्या किंवा काचेतून परत जाणाऱ्या वाटेवर आहे. हे एवढं वाक्य जर गॅरेजमधल्या भिंतीवर लिहून ठेवलं, तर देशातल्या कित्येक धडधाकट काचा भंगारात जाण्यापासून वाचतील.

भंगारात त्या का जातात, हे मला जयपूरमध्ये मानसरोवरात राहणाऱ्या एका काकांच्या गाडीमुळे नीट बघायला मिळालं. काका साताऱ्याकडचे, नोकरीनिमित्त तरुणपणी जयपूरला आले आणि तिथलेच झाले. घरात मराठी, दारात मारवाडी वळणाची हिंदी. गाडी २००८ सालची पेट्रोल सेडान, दिल्लीतल्या पुतण्याकडून आलेली. असल्या गाड्या जयपुरात पुष्कळ दिसतात, आणि त्याला कारण आहे. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित लवादाने बंदी आणली आणि २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली. राजस्थानातले अलवर आणि भरतपूर हे जिल्हे त्या क्षेत्रात मोडतात, जयपूर मोडत नाही. त्यामुळे दिल्लीत म्हाताऱ्या ठरू लागलेल्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन महामार्गाने खाली उतरतात. बरोबर आपला भूतकाळही घेऊन येतात.

काकांच्या गाडीचं बटण दाबलं की पिवळा दिवा लागायचा. काच मात्र ढिम्म. आधी ते काचवाल्याकडे गेले. काचवाल्याने रेषांकडे बघून सांगितलं, "शीशा बदलवा लो साहब, इसका और कोई इलाज नहीं." शिवाय बाजारातली जी स्वस्त काच त्याच्याकडे होती तिच्यावर रेषाच नव्हत्या, कारण त्याच गाडीच्या साध्या आवृत्तीला डिफॉगर नव्हता आणि काच दोन्हींना एकाच मापाची बसते. हा प्रकार जुन्या गाड्यांत सर्रास असतो: मागची काच कधीतरी फुटलेली, साधी बसवलेली, वायरला टेप गुंडाळून ती गादीमागे सारलेली, आणि पुढे बटणातला दिवा इमानाने लागतोय. सेकंडहँड गाडी घेणाऱ्याने दिवा बघू नये, काच बघावी.

मग काका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेले. त्याने फ्यूज काढून बघितला, परत लावला, आणि म्हणाला, वायरिंग ठीक आहे, काचेचं काम काचवाल्याचं. हे ऐकल्यावर मला या सगळ्या प्रकरणाची मेख सापडल्यासारखं वाटलं. डिफॉगर हा धड काचकामात बसत नाही, धड वायरिंगमध्ये बसत नाही. काचवाला मीटर धरत नाही आणि इलेक्ट्रिशियन काचेला हात लावायला कचरतो, कारण फुटली तर पैसे कोण भरणार? दोन धंद्यांच्या सीमेवर पडलेली ही वस्तू आहे, आणि सीमेवरच्या जमिनीसारखीच तिच्याकडे कुणी बघत नाही. दोष अवघड असतो म्हणून नव्हे. तो शोधणं कुणाचंच काम नसतं म्हणून काच बदलली जाते.

ज्याने शेवटी बघितलं तो ट्रान्सपोर्ट नगरकडच्या एका टपरीवजा दुकानातला वयस्क इलेक्ट्रिशियन. ट्रकांची वायरिंग करून हात तयार झालेला. त्याने पहिल्यांदा काच बघितलीच नाही. इंजिन चालू ठेवून काकांना बटण दाबायला लावलं आणि कान लावून उभा राहिला. टिक. रिले ओढतोय. मग हेडलाइटच्या उजेडाकडे बघितलं. काचेने खरोखर दहा-बारा अँपिअर ओढले तर उजेड क्षणभर किंचित दबतो. दबला नाही. म्हणजे बटण, फ्यूज, रिले जागेवर, पण वीज कुठेच जात नाही.

मग मीटर. काळी सुई गाडीच्या पत्र्याला, लाल सुई डाव्या बाजूला काचेकडे येणाऱ्या वायरच्या लगला: साडेतेरा व्होल्ट. तीच सुई दोन बोटं पलीकडे, काचेवरच्या जाड पट्टीला: शून्य. त्याने वायर हलवली आणि हसला. काचेवरचा धातूचा चिमटा, ज्यात वायर खोचतात, तो कधीतरी सुटला होता आणि कुणीतरी तो एपॉक्सी पुट्टीने चिकटवला होता. दोन गोळे मळून लावायची तीच पुट्टी, घराघरांत नळाची गळती थांबवणारी. घट्ट चिकटला होता, वादच नाही. पण पुट्टीतून वीज जात नाही. "चिपका दिया, जोड़ा नहीं," एवढंच तो म्हणाला.

चिमटा तात्पुरता पट्टीवर दाबून धरल्यावर दिवे दबले. काकांचा चेहरा उजळला, म्हातारबाबांचा नाही. त्यांनी आता दोन्ही पट्ट्यांमधला दाब मोजला: नऊ व्होल्ट. साडेतेरा हवेत, नऊ मिळतायत. उरलेले साडेचार कुठेतरी वाटेत खर्ची पडतायत. ऐकायला दोन-तृतीयांश बरे वाटतात, पण उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दोन-तृतीयांश दाबाला उष्णता चार-नवमांश, म्हणजे निम्म्याहून कमी. काच कोमट होईल, ओलावा हलणार नाही. मालक म्हणणार, "चालू आहे, पण काम करत नाही." इथे सुई उजव्या पट्टीवर ठेवून पत्र्याशी मोजली, तर जिथे शून्याच्या आसपास काहीतरी हवं तिथे चार व्होल्टच्या वर दिसलं. अर्थ खराब. मागच्या खांबाचं प्लास्टिक उघडल्यावर आत अर्थचा बोल्ट गंजलेला सापडला. गंज म्हणजे कुठेतरी पाणी, आणि पाणी म्हणजे मागच्या काचेचं किंवा डिकीचं कडक झालेलं रबर. मे-जूनमध्ये पंचेचाळीस अंशांत उभ्या राहणाऱ्या गाडीचं रबर किती वर्षं मऊ राहणार? तेच पाणी गालिच्यात मुरतं, रात्रभर गाडीत वाफ होऊन फिरतं आणि सकाळी काचेवर बसतं. म्हणजे जो ओलावा घालवायला डिफॉगर होता, तो ज्या फटीतून आत येत होता त्याच फटीने डिफॉगरचा अर्थही खाल्ला होता. बोल्ट पॉलिशपेपरने घासून परत आवळला, दाब तेरावर आला.

(अर्थ पूर्ण तुटलेला असेल तर मीटर एक मजेदार गोष्ट दाखवतं: दोन्ही पट्ट्यांवर पुरे बारा व्होल्ट. नवशिक्याला वाटतं, वा, दोन्हीकडे करंट आहे. करंट कुठेच नसतो, म्हणून तर दाब पडत नाही. हॅचबॅक गाड्यांत हे जास्त होतं, कारण डिकीचं झाकण उघडून-मिटून बिजागरीजवळच्या रबरी नळीतल्या वायरी आतल्या आत मोडतात.)

आता राहिल्या रेषा. दुपारी, कोरड्या हवेत, काचेवर ओलावा कुठून आणणार? त्यांनी किटलीतल्या उकळत्या चहाची वाफ धरली. काच आतून धुरकटली आणि हळूहळू सात आडवे पट्टे साफ होत गेले. पाच जागा तशाच. त्या पाच रेषांवर मीटरची सुई फिरवायची होती, पण उघडं टोक रेषेलाच ओरखडा काढेल म्हणून सिगारेटच्या पाकिटातली चंदेरी पन्नी टोकाला गुंडाळली. चांगल्या रेषेवर सुई डावीकडून उजवीकडे नेली की आकडा उतरत जातो: तेरा, दहा, मधोमध साडेसहा, मग तीन, मग शून्य. तुटलेल्या रेषेवर तो उतरत नाही. तेरा, तेरा, तेरा, आणि एका जागी एकदम शून्य. तिथे तूट. त्यांनी जागेवर काचेच्या बाहेरून मार्करने ठिपका काढला.

पाच ठिपके काढून झाल्यावर ते मागे सरले आणि आम्हाला बोलावलं. ठिपके एका तिरक्या रेघेत होते, वरून खाली, उजव्या हाताने काढावी तशी. "ब्लेड," ते म्हणाले. काकांनी दिल्लीला पुतण्याला फोन लावला. २०१२च्या मे महिन्यात फिल्म काढली होती का? काढली होती, घरच्या अंगणात, स्वतः.

चिमटा पक्का करण्याच्या वेळी काकांनी सुचवलं की जौहरी बाजारात चांदीचे इतके कारागीर आहेत, त्यांच्याकडून झाळून घेऊ. सूचना जयपूरला शोभणारी होती. या शहरात चांदीच्या कामाची काय कमी! सिटी पॅलेसमध्ये सवाई माधोसिंह दुसरे यांचे गंगाजलाचे दोन कलश आहेत, प्रत्येकी १४,००० चांदीची नाणी वितळवून केलेले, प्रत्येकी ३४५ किलोचे. १९०२ साली महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला लंडनला गेले तेव्हा त्यांतून गंगेचं पाणी बरोबर घेऊन गेले. आणि ते कलश, सांगतात त्याप्रमाणे, कुठेही झाळ न देता घडवलेले. पण सोनाराची झाळ इथे चालत नाही. टाकणखार लावून, फुंकणीची ज्योत रोखून चांदीला टाका लावायचा तर सातशे अंशांच्या आसपास जावं लागतं. गाडीची मागची काच टणक केलेली असते. एका ठिकाणी इतकी आच लागली तर सगळ्या काचेचा क्षणात चुरा. इथे कथलाचा टाका हवा, दोनशे अंशांच्या आसपास वितळणारा, आणि तोही साधा नको. साधं कथील-शिसं वितळलं की काचेवरची चांदी आपल्यात विरघळवून घेतं. टाका छान बसतो, खालची पट्टी नाहीशी होते. म्हणून ज्या टाक्यात आधीच दोन-तीन टक्के चांदी असते तो वापरायचा. त्याची भूक आधीच भागलेली असते. म्हातारबाबांनी आधी गरम हवेने ती जागा सावकाश तापवली, मग सोल्डरिंगची इस्त्री दोन सेकंद टेकवली आणि उचलली. ज्याला इस्त्रीची धास्ती वाटते त्याने चांदी मिसळलेलं, वीज वाहून नेणारं एपॉक्सी वापरावं. महाग असतं, पण काच फुटत नाही.

रेषांचं काम सगळ्यात सोपं आणि सगळ्यात कंटाळवाणं. जागा स्पिरिटने पुसायची, रेषेच्या वर-खाली टेप लावून तेवढीच बारीक खिडकी ठेवायची, तूट आणि दोन्ही बाजूंची पाच-पाच मिलिमीटर चांगली रेष झाकेल असा चांदीचा रंग कुंचल्याने लावायचा, वाळला की दुसरा हात, मग टेप काढायची. बाटलीवर जेवढे तास लिहिले असतील तेवढे, साधारण दिवसभर, बटणाला हात लावायचा नाही. दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतची तूट अशी भरते. पूर्ण रेषच खरवडली गेली असेल तर भरू नये. रंगाचा रोध वेगळा, ती भलतीच तापते किंवा मुळीच तापत नाही. आणि सर्वांत वरची एखादी रेष गार लागली तर घाई नको. काही गाड्यांत ती रेडिओची अँटेना असते.

पुसण्याबद्दल म्हातारबाबा बराच वेळ बोलले, आणि मला त्यात पात्याइतकंच तथ्य वाटलं. जयपूरच्या हवेत वाळू असते. आंधी येऊन गेली की गाडीच्या आतही तिचा थर बसतो, आणि कोरड्या फडक्याने काच उभी-आडवी घासली की वाळूचे कण रेषांवर कानशीसारखे चालतात. ओलं मऊ फडकं घ्यावं, रेषेच्या दिशेने, आडवं पुसावं. मागच्या फळीवर ठेवलेले टिश्यूचे डबे, छत्र्या, मंदिरातून आणलेल्या प्रसादाच्या पेट्या वळणावर सरकून काचेला घासतात. नावाचे, देवाचे, पक्षाचे स्टिकर बहुतेक बाहेरून लावतात, त्यांनी काही बिघडत नाही. आतून लावलेला एकच पुरे, काढताना तो चांदी घेऊन निघतो.

बिल किती झालं म्हणाल, तर बिनरेषांच्या स्वस्त काचेच्या किमतीचा एक छोटा भाग. त्यातही त्यांनी पाचांपैकी चारच रेषा जोडल्या. पाचवी सगळ्यात खालची, तिथे पातं पुन्हा पुन्हा फिरलं होतं. ती आरशात दिसतही नाही, राहू द्या, म्हणाले. काकांना ते पटेना. पैसे देतो तर बाराच्या बारा का नकोत? त्यावर बराच वेळ हुज्जत झाली, आणि शेवटी अकरावर तह झाला.

गाडी घरी आल्यावर दुसराच विषय निघाला. सुनेचं म्हणणं, एप्रिलपासून मागे बसणाऱ्या पोराला ऊन सोसवत नाही, मागे फिल्म लावून घ्या, फिकट तरी. काकांनी एरवी न वापरला जाणारा आवाज लावून नाही सांगितलं. मग जाळीच्या पडद्याचं ठरलं, चोखणीने काचेला चिकटणाऱ्या. ती चोखणी नव्या रंगावर बसली तर रंग ओढून काढेल का, हे विचारायला काकांनी ट्रान्सपोर्ट नगरला फोन केला. पलीकडून उत्तर आलं की लाइनों के बीच में जगह है ना साहब, वहाँ लगाओ.